वेळूचा फुलोरा

वाळवंटांतील फुलांचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं प्रवासवृत्तांतून वाचलीं असतील. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या उत्तरेस अटाकामा नांवाचें जें वाळवंट आहे, तें पृथ्वीवरील अत्यंत कोरड्या प्रदेशांपैकीं एक होय. तेथें कित्येक वर्षांनीं एखादे वर्षीं बरा पाऊस झाला, म्हणजे मातींत निजलेलें बीं जागें होतें आणि कांहीं आठवडे कोसच्या कोस भूमि जांभळ्या-पिवळ्या फुलांनीं झांकून जाते. लोक दुरून तो देखावा पाहावयास येतात आणि संतुष्ट होऊन परत जातात. आमच्या नागपूर प्रांतीं असें वाळवंट नाहीं. तथापि वैशाखांत, पारा ४५ अंशांपलीकडे गेला असतां, चांद्याकडील रानांतून जो हिंडला असेल, त्याला त्या निष्पर्ण, तापलेल्या, करड्या मुलुखाला रान म्हणावें कीं वाळवंट, असा प्रश्न खास पडला असेल. या रानांतहि एक दुर्मिळ फुलोरा येतो; माणसाच्या आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां. परंतु तो पाहून कोणी आनंदला असें ऐकिवांत नाहीं. वेळू फुलला कीं काळ पडतो, अशी समजूत येथें पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या समजुतींत तथ्य किती, हें जुन्या कागदपत्रांवरून पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथें करणार आहों.

वेळू हें झाड नव्हे, गवत आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. पण तिचा अर्थ फारसा कोणी मनांत आणीत नाहीं. भात, गहूं, ज्वारी यांच्याच कुळांतला हा एक थोराड भाऊ. भात चार महिन्यांत वाढतो, निसवतो, पिकतो आणि वाळतो. वेळूहि तेंच करतो. फक्त त्याचे चार महिने चाळीस वर्षांचे असतात. आमच्या रानांत त्याच्या मुख्यत्वें दोन जाती. एक भरीव किंवा नर वेळू, जो चंद्रपूर, गडचिरोली व मेळघाट येथील कोरड्या डोंगरउतारांवर सर्वत्र आढळतो. आणि दुसरा ओढ्याकांठचा उंच, काटेरी कळक, ज्याला मध्यप्रांतांत कटंग म्हणत. एखादें बेट—आमच्याकडे त्यास रांजी म्हणतात—अधूनमधून एकटेंच फुलतें. त्याची कोणी दखल घेत नाहीं. पण एका बियापासून एकाच वेळीं उगवलेला सारा वेळू, मग तो दहा डोंगरांवर पसरलेला असो, एकाच हंगामांत फुलावयास लागतो, तेव्हां मात्र गांवोगांव कुजबूज सुरू होते.

फुलोरा म्हटला कीं जें सौंदर्य डोळ्यांपुढें उभें राहतें, त्याचा येथें मागमूसहि नसतो. हिंवाळ्यांत पानें झडून जातात. काठीच्या पेरापेरावर बारीक, टोंचणाऱ्या कुसळांचे गेंद धरतात. जवळून पाहिल्यास त्यांतून पिवळसर तंतु लोंबतांना दिसतात, आणि दुरून पाहिल्यास सारें रान राख माखल्यासारखें दिसतें. उन्हाळ्यांत बीं पिकतें व झडतें. गव्हाच्या बारीक दाण्यासारखा हा तांबूस दाणा बेटाखालीं झाडून गोळा करतां येतो. त्यानंतर काठ्या पिवळ्या पडतात, ठिसूळ होतात, आणि बेट मुळासकट मरतें. पहिल्या पावसाबरोबर त्या मढ्यांच्या पायथ्याशीं भाताच्या रोपासारखी हिरवी लव उठते. तिच्या तोडण्याजोग्या काठ्या होण्यास आठ-दहा वर्षें, किंबहुना त्याहून अधिक काळ लागतो.

फळल्याबरोबर मरण, हा प्रकार आमच्या पूर्वजांच्या नजरेंतून सुटला नव्हता. महाभारताच्या वनपर्वांत जयद्रथ द्रौपदीचें हरण करावयास येतो, तेव्हां ती त्याला बजावते कीं वेळू, केळ आणि बोरू हीं जशीं स्वतःच्या नाशासाठींच फळतात, तशी तुझी गत होईल. रागाच्या भरांत सुचलेली ही उपमा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंहि बिनचूक आहे. आणि ती ऐकणाऱ्यास विवरण करून सांगावी लागली नाहीं, यावरून हें ज्ञान तेव्हां सामान्य होतें असें मानावयास हरकत नाहीं. वैद्यांनीं तर हा दाणा पाककोशांतच घातला. सुश्रुतानें हलक्या प्रतीच्या धान्यांच्या वर्गांत ‘वेणुयव’ गणला असून तो रूक्ष व उष्ण असल्याचें नमूद केलें आहे. जें कोणी खातच नाहीं, त्याचे गुणदोष वैद्य सांगत बसत नाहीं. म्हणजे वेळूचें बीं हें आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून अन्न आहे, आणि अशुभ चिन्ह म्हणून तें कोणत्या काळीं ठरलें हा वेगळा प्रश्न आहे.

आतां इंग्रजी अमदानींतील कागदपत्रांकडे वळूं. जॉर्ज वॉट या गृहस्थांनीं १८८९ ते १८९३ या काळांत हिंदुस्थानांतील उपयुक्त पदार्थांचा जो प्रचंड कोश प्रसिद्ध केला, त्यांत वेळूच्या प्रकरणीं कांहीं नोंदी आहेत. त्या नोंदी वाचल्या कीं समजूत उलटी होते. १८१२ सालीं ओरिसांत सर्वत्र वेळू फुलला आणि त्यामुळें येऊं घातलेला दुष्काळ टळला. बीं गळतांच तें हस्तगत करावें म्हणून शेंकडों माणसें रात्रंदिवस बेटांखालीं पहारा करीत होतीं. १८६४ सालीं कारवार जिल्ह्याच्या सुपें भागांतील रान फुललें, तेव्हां बेळगांव व धारवाड या जिल्ह्यांतून सुमारें ५० हजार लोक बीं वेंचण्यास गेले. एकेक टोळी दहा-पंधरा दिवस रानांत राही, पावसाळ्यापुरता दाणा पदरांत बांधी आणि उरलेला विकण्यास नेई. १८६६ सालीं बंगालच्या माळदा बाजारांत वेळूचें बीं रुपयास १३ शेर मिळत होतें आणि तांदूळ रुपयास १० शेर.

या शेवटच्या आंकड्यापाशीं आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. १८६६ हें ओरिसांतील महादुष्काळाचें साल. रुपयास दहा शेर तांदूळ म्हणजे गरिबास तांदूळ नाहींच. वेळूचें बीं तांदळाहून स्वस्त होतें, पण फार स्वस्त नव्हतें. दोहोंत तीन शेरांचें अंतर. याचा अर्थ असा कीं, बाजारानें त्या रानटी दाण्याला धान्याचाच दर्जा दिला होता. आणि सुप्याच्या रानांत जे ५० हजार लोक गेले, ते कांहीं मौजेखातर गेले नाहींत. बेळगांवचा शेतकरी घरदार टाकून पंधरा दिवस हिंवतापाच्या रानांत जाऊन राहतो, तेव्हां घरच्या कणगींत काय उरलें असेल याची कल्पना करतां येते. ही हकीकत लिहिणाऱ्यांनीं फुलोऱ्याला दैवी कृपा म्हटलें; ज्यांनीं तें बीं कुटून भाकरी केली, त्यांच्या स्मरणांत मात्र भूक आणि फुलोरा हीं एकत्र गुंफलीं गेलीं असलीं तर नवल नाहीं. औषध ज्या वर्षीं घरांत आलें, त्या वर्षाला माणूस आजाराचें वर्ष म्हणूनच ओळखतो.

खुद्द चांद्याच्या रानांतील एक प्रसंग याहून विलक्षण आहे. तो फुलोऱ्याचा नव्हे, पण वेळूचाच आहे, आणि आमच्या प्रांताच्या इतिहासांत त्यास विस्मृति आली आहे म्हणून येथें देतों. १८९६–९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच १८९९ चा पावसाळा फसला. मध्यप्रांताची लोकसंख्या १८९१ सालीं सुमारें १ कोटि ८ लाख होती, ती १९०१ सालीं ९९ लाखांवर आली. (ही सारी घट मृत्यूंचीच नव्हे, जे परागंदा झाले आणि जीं मुलें जन्मलींच नाहींत, त्यांचाहि हिशेब तींत आहे. परंतु वाढत जाणारी लोकसंख्या दहा वर्षांत नऊ लाखांनीं घटावी, यावरून काय तें समजावें.) १९०० च्या जुलैंत या प्रांतांत वीस लाखांहून अधिक माणसें सरकारी मदतीवर जगत होतीं. त्याच वर्षाच्या मार्चांत चांद्याच्या जंगल-अधिकाऱ्यानें कळविलें कीं, वेळूच्या काठ्यांतून एक गोड, चिकट पदार्थ पाझरून सुकत आहे, आसपासचे लोक तो आवडीनें खात आहेत, आणि या रानांच्या ज्ञात इतिहासांत असा प्रकार यापूर्वीं घडलेला नाहीं. नमुना कलकत्त्याच्या म्युझियममध्यें गेला. तेथील डेव्हिड हूपर यांनीं त्याचें पृथक्करण केलें, तेव्हां तो पदार्थ बहुतांशीं उसाच्या साखरेसारखाच ठरला. वेळूच्या पोकळींत मिळणारें, सितोपलादि चूर्णांत पडणारें वंशलोचन तें हें नव्हे. वंशलोचन म्हणजे जवळजवळ निव्वळ गार. ही खरोखरीची साखर होती.

युरोपांतील पत्रांनीं या वार्तेचें मोठें स्वागत केलें. बायबलांत इस्राएल लोकांस वाळवंटांत आकाशांतून अन्न मिळाल्याची जी कथा आहे, तिची त्यांना आठवण झाली, आणि हिंदुस्थानांतील सर्वांत भयंकर दुष्काळांत, सर्वांत पीडित प्रांतांत वेळूनें साखर द्यावी, हा योग त्यांना अद्भुत वाटला. अद्भुत तो होताच. परंतु त्या छापील वृत्तांतांत साखरेच्या कांड्या सुमारें एक इंच लांब, पांढऱ्या किंवा फिकट तपकिरी, एका अंगानें चपट्या होत्या इतकें बारकाईचें वर्णन आहे. ती खाणाऱ्यांचा उल्लेख ‘आसपासचे लोक’ एवढ्यावर आटोपला आहे. वीस लाख भुकेल्यांच्या हिशेबांत ती साखर किती पुरली असेल, हा विचार कलकत्त्यास कोणी केला नाहीं. त्या वर्षीं सरकारनें राखीव रानें कंदमुळें, फळें व मोहफुलें गोळा करण्यासाठीं लोकांस मोकळीं केलीं, आणि त्याबद्दल सरकारी अहवालांत समाधानहि व्यक्त झालें. रानें मोकळीं करावीं लागलीं, कारण १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं तीं बंद केलेलीं होतीं, हें त्या समाधानाच्या ओघांत लिहावयाचें राहून गेलें.

तेव्हां वेळू अन्न देतो, हें सिद्ध. मग तो दुष्काळ आणतो ही समजूत कोठून आली? ज्यांना तारखा जुळविण्याची हौस आहे, त्यांच्यासाठीं सामुग्री भरपूर आहे. पश्चिम किनाऱ्यावरील कळक १८०४, १८३६ व १८६८ या सालीं, म्हणजे बरोबर ३२ वर्षांच्या अंतरानें फुलल्याचें वन-अधिकाऱ्यांनीं नमूद केलें आहे. आतां १८०३–०४ हें दख्खनच्या दुष्काळाचें साल. १८३७–३८ मध्यें गंगा-यमुनेच्या दुआबांत दुष्काळ. १८६८–६९ मध्यें राजपुतान्यांत आणि आमच्या प्रांतांतहि. इतका पुरावा पाहून एखादा ज्योतिषी खूष होईल. परंतु दुआबांतील दुष्काळाशीं किनाऱ्यावरील कळकाचा संबंध काय? शिवाय हाच कळक डेहराडून येथें १८३६, १८८१, १९२६ व १९७० या सालीं फुलला; १८८१ किंवा १९२६ सालीं तेथें काळ पडल्याचें कोणी म्हटलेलें नाहीं. उलट १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानें दख्खन उद्ध्वस्त केलें, त्याची वर्दी किनाऱ्यावरील कळकानें दिली नाहीं. ज्या देशांत शतकभर दर दहा-पांच वर्षांनीं कोठें ना कोठें दुष्काळ होता, त्या देशांत वेळू कधींहि फुलला तरी जवळपास एक दुष्काळ सांपडणारच.

समजुतीला दुसराहि एक आधार आहे, आणि तो मात्र खरा आहे. तो म्हणजे उंदीर. ईशान्येकडील मिझोराममध्यें वेळूची एक जात सुमारें ४८ वर्षांनीं फुलते व बोराहून कितीतरी मोठीं, मांसल फळें देते. हीं फळें खाऊन उंदरांची वीण बेसुमार होते. रानांतील फळें संपलीं कीं त्या झुंडी डोंगरउतारावरील भातावर तुटून पडतात, आणि एका रात्रींत शेत उजाड होतें. १८६२, १९११, १९५९ आणि २००७ च्या सुमारास असे प्रसंग तेथें आले. १९५९ च्या वेळीं तेथील वृद्धांनीं आधींच इशारा दिला होता. तो मुलुख तेव्हां आसामांत मोडत असे आणि वरिष्ठांनीं ती अडाण्यांची समजूत म्हणून बाजूस सारली. दुष्काळ पडला. लोकांनीं मदतीसाठीं १९६० सालीं जी संस्था उभारली, तिचेंच १९६१ सालीं लालडेंगा यांच्या नेतृत्वाखालीं राजकीय पक्षांत रूपांतर झालें. १९६६ सालीं सशस्त्र उठाव झाला, आणि १९८६ च्या करारापर्यंत, म्हणजे वीस वर्षें, तो प्रदेश धुमसत राहिला. एका गवताच्या फुलोऱ्यानें राज्यकर्त्यांस इतकें महाग पडावें, असें दुसरें उदाहरण आम्हांस इतिहासांत आढळलें नाहीं. दोष अर्थात् गवताचा नव्हता.

आमच्या चांद्यांत उंदरांचा उपद्रव त्या थरास गेल्याचें दिसत नाहीं. आमच्या मतें याचें कारण रानाच्या घडणींत आहे. मिझोरामचे डोंगर एकाच जातीच्या वेळूनें भरलेले. आमचा वेळू साग, ऐन, धावडा, मोह यांच्या सोबतीनें वाढतो. त्याचें बींहि बारीक असून तें मोर, रानकोंबडे, सायाळ आणि मुंग्या मिळून संपवितात. समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच. ती एकीकडे अनुभवानें आली असेल आणि दुसरीकडे ऐकून. समजुतींना सरहद्दी नसतात.

वेळूला आपली वेळ कशी कळते, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. अवर्षणामुळें तो फुलतो, असें जुने वन-अधिकारी पुष्कळ काळ मानीत. पण जमेका बेटांतील एका जातीचा वेळू १८८४ सालीं फुलला, तेव्हां हजारों मैलांवर लंडनजवळील क्यू उद्यानांत, कांचेच्या घरांत, रोजच्या रोज पाणी मिळणारीं त्याचीं भावंडेंहि त्याच सुमारास फुललीं. त्यांना कसलें अवर्षण? अटाकामाचें फूल पावसाची वाट पाहतें. वेळू कोणाचीच वाट पाहत नाहीं, त्याचें पंचांग त्याच्या पोटांत असतें. जपानांतील एक जात तर १२० वर्षांनीं फुलते. आमच्या सह्याद्रींतील कारवी आठव्या वर्षीं आणि निलगिरीकडील नीलकुरिंजी बाराव्या वर्षीं फुलते, तीं याच पंथाचीं. इतक्या दीर्घ प्रतीक्षेचें कारण अमेरिकन शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनीं १९७६ सालीं असें मांडलें कीं, थोडें थोडें बीं दरवर्षीं आलें तर खाणारे तें सारें खाऊन टाकतील; पण पुष्कळ वर्षांची पुंजी एकदम उधळली कीं खाणारे तृप्त होऊन थकतात आणि तरीहि उगवण्यापुरतें उरतें. १९९९ सालीं कीली व बाँड या दोघांनीं निराळी उपपत्ति सुचविली. मेलेला वेळू वणव्यास उत्तम सर्पण होतो, वणवा वरच्या झाडांची सांवली हटवितो, आणि रोपांस ऊन मिळतें. दुसरी उपपत्ति आमच्या रानांत वैशाखांत फिरणाऱ्यास चटकन पटते. परंतु दोन्ही एकाच वेळीं खऱ्या असावयास प्रत्यवाय नाहीं.

या चाळीस वर्षांच्या पंचांगाशीं माणसाच्या कारभाराचें पंचांग मात्र कधींच जमलें नाहीं. जंगलखात्याची कार्य-आयोजना दहा-पंधरा वर्षांची, आणि अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांची. १९४५ सालीं बल्लारपूर येथें गिरणी स्थापन झाली, पुढें तींत कागद होऊं लागला, आणि चांद्याचा वेळू गाड्या भरभरून तिकडे चालला. ज्या बुरुडाचें पोट सुपें, टोपल्या व ताटवे विणण्यावर आणि ज्या कोरकू-गोंडाचें घर वेळूच्या कुडावर, त्याला मात्र सवलतीच्या काठ्यांसाठीं परवाना लागे. कारण १९२७ च्या वन-कायद्यानें या गवताला ‘वृक्ष’ ठरविलें होतें. शास्त्रानें गवत आणि कायद्यानें वृक्ष, अशा दुहेरी योनींत वेळू नव्वद वर्षें राहिला. रानाबाहेरच्या वेळूपुरतें हें कलम २०१७ सालीं रद्द झालें. तत्पूर्वीं २००६ च्या वनहक्क कायद्यानें वेळू गौण वनोपजांत घातला होता. त्या कायद्याखालीं गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनहि वेळू रानाबाहेर नेण्याचा परवाना जंगलखात्याच्याच हातीं होता. तो २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं स्वतः गांवांत येऊन ग्रामसभेच्या स्वाधीन केला. त्यानंतर जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा वेळू तोडून आपण होऊन विकूं लागल्या, आणि त्या पैशांतून मजुरी व गांवचीं कामें होऊं लागलीं.

या सुखद हकीकतींत एक गोष्ट कोणी उच्चारीत नाहीं. ज्या वेळूवर हा जमाखर्च उभा आहे, तो एके हंगामांत सगळाच्या सगळा फुलेल आणि मरेल. कंत्राटदार दुसऱ्या रानांत जात असे, गिरणी परमुलुखांतून माल आणीत असे. गांवाला आपलें रान सोडून जातां येत नाहीं. मेलेला वेळू वर्ष-दोन वर्षांत विकला गेला नाहीं तर कुजतो, किंवा जळतो. तो एकदम बाजारांत आला तर भाव पडतो. आणि पुढें दहा वर्षें विकावयास कांहीं नाहीं. कोंबाची भाजी—झाडीपट्टींतील लोक ज्याला वास्ते म्हणतात—तीहि तितकीं वर्षें मिळत नाहीं. रोपांवर गुरें घातलीं तर दहाचीं वीस वर्षें होतात. अर्थात् यांत अशुभ असें कांहीं नाहीं. हा कारभाराचा प्रश्न आहे. १८६४ सालच्या बेळगांवकर शेतकऱ्याला फुलोऱ्याची वार्ता तोंडोतोंडीं कळली आणि तो धांवत गेला. आज ज्या ग्रामसभेच्या हद्दींत एखादी रांजी फुललेली दिसेल, तिनें त्या रानाचा भाग व साल आपल्या कार्यवृत्ताच्या वहींत लिहून ठेवावें, झडलेलें बीं झाडून निराळें राखावें, आणि विक्रीच्या पैशांतला कांहीं हिस्सा फुलोऱ्याच्या नांवानें दरसाल बाजूस काढावा, असें आम्हांस वाटतें. मागचा फुलोरा पाहिलेलीं माणसें त्या गांवांतून अद्यापि आहेत. त्यांच्याकडून साल विचारून घेण्यास एक दुपार पुरेल.